टाके सुकले, रिपोर्ट चांगले, मग काख अजून का जळतेय?

सांजपाखरू (धागाकर्ती)

ऑपरेशनला परवा १४ महिने झाले. डाव्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, काख पूर्ण साफ केली (म्हणजे तिथल्या लसिका ग्रंथी काढल्या), मग केमो, मग रेडिएशनचे १५ शेक. आता रोजची टॅमॉक्सिफेनची, म्हणजे हॉर्मोनची गोळी. मॅमोग्राम चांगला, रक्त चांगलं, आणि टाक्यांची रेघ इतकी बारीक की तपासताना डॉक्टर स्वतःच्याच कामावर खूश होतात. मीही खूश आहे, गैरसमज नको.

फक्त काख जळते. काख, दंडाची आतली बाजू आणि बरगड्यांवरचा एक पट्टा. नळाचं गार पाणी दंडाच्या आतून ओघळलं तर इस्त्री टेकवल्यासारखं होतं. टॉवेलने पुसता येत नाही, टिपावं लागतं. गाडीत बसले की सीटबेल्ट हाताने धरून अंगापासून लांब ठेवते. मध्येच काही कारण नसताना सणक जाते, ओल्या हाताने बटण दाबल्यासारखी. आणि ह्याच जागेचा मधला भाग पार बधिर आहे, चिमटा काढला तरी कळत नाही. जिथे काही जाणवत नाही तिथेच दुखतं, हे कुणाला कसं समजावून सांगायचं?

दोनदा विचारून झालं. "होतं असं, टाके छान भरलेत." तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. जीव वाचला तरी ही बाई काखेचं रडगाणं गातेय, असं वाटेल त्यांना.

परवा रात्री आरशासमोर बसून बॉलपेनने अंगावर नकाशा काढला. जिथे काही कळत नाही तिथे तिरप्या रेघा, चुणचुणतं तिथे ठिपके, आणि जिथे पेनचं टोकही सोसेना तिथे नुसती बाहेरून कड. फोटो काढून ठेवला. मग वाचत बसले, तर ऑपरेशननंतरचं दुखणं टिकून राहण्याची 'जोखीम वाढवणाऱ्या गोष्टी' अशी यादी सापडली. कमी वय, काख साफ करणं, शेक, आधीपासूनचं एखादं दुखणं, ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत जास्त दुखणं. मी ४१ची. अर्धशिशी कॉलेजपासून. आणि ऑपरेशनची रात्र उशी चावत काढलेली. पाचपैकी पाच. शाळेत कधी पैकीच्या पैकी मिळाले नव्हते.

तर प्रश्न दोन. हे अजून कुणाला आहे का? आणि दुसरा, जो खरा प्रश्न आहे: माझं काही चुकलं का? पहिले दोन महिने भीतीने हात अंगाला चिकटवून ठेवला होता.

पारिजातक

+१. उजवी बाजू, ३ वर्षं. माझा पूर्ण स्तन काढलाय, आणि जे आता नाहीच त्याच्या टोकाला खाज सुटते. रात्री दोनला झोपेत हात जातो आणि खाली नुसती बरगडी लागते. खाजवायला काही नाही. हे आजवर कुणाशी बोलले नव्हते, घरातसुद्धा नाही. वेडी म्हणतील म्हणून.

भूलवाला

नावावरून धंदा कळला असेलच. भूलतज्ज्ञ आहे, हल्ली निम्मा वेळ वेदनेच्या ओपीडीत जातो.

दोघींनाही आधी हे सांगतो की ह्याला नाव आहे. ऑपरेशननंतर ३ महिने उलटले, त्या जागी किंवा तिथल्या नसांच्या पट्ट्यात दुखणं चालूच राहिलं, आणि जंतुसंसर्ग किंवा आजार परत येणं अशी दुसरी कारणं तपासून बाजूला काढली, की त्याला ऑपरेशनोत्तर दीर्घकालीन वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ती आहे, तिच्यात हिला स्वतंत्र जागा आहे. "होतं असं" हे वाक्य खोटं नाही. फक्त त्याच्या पुढचं वाक्य कुणी बोलत नाही.

पारिजातक, तुमचंही पुस्तकात आहे. पाय काढलेल्या माणसाला नसलेल्या पायाची बोटं जाणवतात तसंच नसलेल्या स्तनाचंही होतं. खाज, ओढ, कधी चक्क वेदना. डोकं ठिकाणावर आहे तुमचं.

सांजपाखरू, तुमच्या नकाशाबद्दल. दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीमधल्या फटीतून एक बारीक नस बाहेर येते, काखेतल्या चरबीतून आडवी जाते आणि दंडाच्या आतल्या कातडीला पोचते. इंटरकोस्टोब्रॅकियल नर्व्ह. काम एकच, त्या कातडीची खबर वर पोचवणं. हात उचलण्याशी तिचा काही संबंध नाही. पंचाईत अशी की सर्जनला ज्या लसिका ग्रंथी काढायच्या असतात त्यांच्या मधूनच ती गेलेली असते. कधी वाचवता येते, कधी ताणली जाते, कधी कापण्यावाचून इलाज नसतो. कापली की तिकडची खबर बंद होते, म्हणून बधिर. पण वरच्या बाजूला राहिलेलं तुटकं टोक गप्प बसत नाही, कुणी हात न लावता संदेश पाठवत राहतं. म्हणून जळजळ आणि सणक. बधिर आणि दुखरं एकाच जागी सापडलं की आम्हाला पहिला संशय नसेचाच येतो.

हात अंगाला चिकटवल्याने नस कापली जात नाही. ते तुमच्या हिशेबातून आजच खोडून टाका.

सांजपाखरू

आत्ता फोटो उघडून परत बघितला. काखेतून निघून दंडाच्या आतून खाली, कोपराच्या चार बोटं वर थांबतंय. मी त्या नसेचं नावही ऐकलं नव्हतं, आणि पेनने तीच काढून ठेवलीय!

थोडी रडले. बऱ्या अर्थाने.

शून्य_दशांश

आईच्या वेळी ह्या विषयावरचं मिळेल ते वाचलं होतं. आकडेवारी हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, त्यामुळे थोडं कंटाळवाणं लिहितो, सांभाळून घ्या.

डेन्मार्कमध्ये २००५-०६ साली ऑपरेशन झालेल्या बायकांना प्रश्नावली पाठवली होती, निकाल २००९ साली आले. सव्वातीन हजारांच्या आसपास उत्तरं. ४७ टक्के म्हणाल्या, दुखतं. त्यातल्या जवळपास निम्म्यांचं हलकं, १३ टक्क्यांचं तीव्र. काही वर्षांनी त्याच बायकांना परत विचारलं तेव्हा दुखणाऱ्यांचं प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं होतं. वरवर बघता सरळ उतार. पण आत बघितलं तर आधी दुखत होतं त्यांच्यापैकी साधारण तिघींत एकीचं थांबलं होतं, आणि आधी दुखत नव्हतं त्यांच्यापैकी १५ टक्क्यांचं नव्याने सुरू झालं होतं. तेव्हा "एकदा लागलं ते जन्माचं" हेही खरं नाही आणि "वर्ष गेलं, सुटलो" हेही नाही.

आता तुमची यादी. २०१६ साली ३० अभ्यास एकत्र करून १९,८१३ बायकांचा हिशेब मांडला गेला. त्यात ठळक निघाल्या त्या ह्याच पाच गोष्टी, आणि सगळ्यात वजनदार काख साफ करणं, २.४१. इथे लोक घसरतात. २.४१ पट म्हणजे ३० टक्क्यांचे ७२ टक्के नव्हेत. हे गुणोत्तर 'ऑड्स'चं आहे. कुठलीच जोखीम नसताना दुखण्याची शक्यता त्यांनी ३० टक्के धरली होती. म्हणजे ३० जणींचं दुखतं, ७० जणींचं नाही. ३० भागिले ७० म्हणजे ०.४३. त्याला २.४१ने गुणा, १.०३ येतं. म्हणजे दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या जवळपास सारख्या, ५१ टक्के. ३०चे ५१. वाईटच आहे, पण ७२ नाही.

ह्यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. एक, पाचपैकी शून्य मिळालेलीलाही ३० टक्के आहेतच. ही परीक्षा अभ्यास न करता नापास करते. दुसरी, पूर्ण स्तन काढला की फक्त गाठ काढली, वजन, केमो, हॉर्मोनच्या गोळ्या, ह्यांचा दीर्घकालीन दुखण्याशी संबंध त्या एकत्रित हिशेबात दिसला नाही. "एवढं मोठं ऑपरेशन झालं, दुखणारच" असं जे आपण गृहीत धरतो, त्याला आधार मिळत नाही. सगळा खेळ काखेतला आहे.

उंबरठा

सगळे फार शहाण्यासारखं बोलताय, पण त्या याद्यांमध्ये अजून एक ओळ असते, ती सोयीस्कर गाळलीत. चिंता, नैराश्य, झोप न लागणं, 'वेदनेबद्दल अवाजवी भीती'. मला तीच ओळ वाचून दाखवण्यात आली होती. ५ वर्षांपूर्वी. मी म्हटलं काख दुखते, समोरून आलं, "तुम्ही मुळात टेन्शन घेणाऱ्या आहात ना?" कॅन्सरचं निदान झाल्यावर टेन्शन न घेणारी बाई मला एकदा भेटवा. पुढचं दीड वर्ष मी दुखतंय हे बोललेच नाही, कारण बोललं की ते 'डोक्यातलं' ठरणार. ही जोखमीची यादी कुणाच्या हातात आहे ह्यावर सगळं आहे. डॉक्टरच्या हातात ती काठी होते.

भूलवाला

उंबरठा, मी ती ओळ गाळली कारण ती दोन वाक्यांत लिहिली की नेमकं तुम्ही म्हणता तेच होतं. आता सविस्तर लिहितो, बघा पटतंय का.

बऱ्याच अभ्यासांमध्ये असं दिसलंय की ऑपरेशनच्या आधी ज्यांना फार चिंता होती, झोप नव्हती, किंवा वेदनेचा धसका होता, त्यांच्यात नंतर दुखणं टिकण्याचं प्रमाण जास्त. एवढं निरीक्षण आहे. ह्यातून 'दुखणं कल्पनेतलं आहे' हे कुठूनही निघत नाही. नस कापली गेलीय ती खरीच कापली गेलीय. पण नसेकडून आलेला संदेश सरळ मेंदूत जात नाही, वाटेत मज्जारज्जूत एक थांबा आहे. तिथल्या पेशी सतत मारा झाला की चढेल होतात. कमी आवाजाचं जास्त करून पुढे पाठवतात, आणि साध्या स्पर्शाचा संदेशही वेदनेच्या रांगेत ढकलतात. म्हणूनच टॉवेल बोचतो. टॉवेलने काही इजा होत नसते. मेंदूतून खाली येणारे काही मार्ग ह्या पेशींना आवरत असतात, आणि झोप मोडली, धास्ती बसली, आधीपासून दुसरीकडे कुठे दुखत असलं, की तो आवर ढिला पडतो. अर्धशिशी यादीत का, तर ह्याचसाठी. तिचा काखेशी काय संबंध, असं वाटतं खरं.

पण तुमच्या तक्रारीचा दुसरा भाग मी नाकारणार नाही. जोखीम आधी विचारायची असते, म्हणजे त्या बाईकडे जास्त लक्ष देता येतं. आम्ही ती नंतर आठवतो, आणि तीही दार बंद करायला. मीही केलंय हे, वयाच्या तिशीत, घाईच्या ओपीडीत.

उंबरठा

अर्धं पटलं. शेवटच्या ओळीबद्दल आभार. उरलेलं अर्धं मी राखून ठेवते.

हातपाय_हलवा

फिजिओ. उशिरा आले, पण हा धागा माझ्या हक्काचा आहे.

सांजपाखरू, डॉक म्हणाले ते बरोबर, हात चिकटवल्याने नस जात नाही. पण खांदा आखडतो, छातीचा स्नायू आखूड होतो, शेकाने तिथली चामडी आणि खालचा थर आणखी घट्ट होतो, आणि मग नसेच्या दुखण्यावर स्नायूचं दुखणं बसतं. तुमचं ह्यातलं किती कुठलं, हे हात लावल्याशिवाय सांगता येत नाही, पण स्नायूचा वाटा बहुतेकदा कमी करता येतो, १४ महिन्यांनीसुद्धा. भिंतीला बोटं लावून वर चढवणं, काठी दोन्ही हातांत धरून डोक्यावर नेणं. ओढ जाणवेपर्यंत न्यायचं, कळ येईपर्यंत नाही. काखेतून कोपराकडे ताणलेली दोरी लागते का बघा, हात वर करून. अनेकींना लागते, पहिल्या काही आठवड्यांत. ती घाबरण्यासारखी नसते, हळूहळू मोकळी होते.

आणि ज्या भागाला टॉवेल सोसत नाही तो झाकून ठेवू नका. रेशमाचा तुकडा, जुना मऊ सुती कपडा, आणि टर्किश टॉवेल, तिन्ही जवळ ठेवा. रेशमाने सुरुवात. कडेच्या, बऱ्या जागेपासून दुखऱ्या जागेकडे, दोन-दोन मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, डोळे उघडे ठेवून, आपण काय लावतोय ते बघत. रेशीम कंटाळवाणं वाटायला लागलं की सुती. टॉवेलपर्यंत पोचायला काहींना दोन महिने लागतात. हे ऐकायला पोरखेळ वाटतं, मला माहितीय.

एक हात जोडून विनंती: बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी नको. माझ्याकडे एक बाई काखेखाली तळहाताएवढा फोड घेऊन आल्या होत्या. शेकता शेकता डोळा लागला, आणि भाजल्याचं कळवणारी नसच नव्हती.

दुसरा_कप

पुरुषाने इथे लिहावं का माहीत नाही. बायकोचं ऑपरेशन होऊन ९ महिने झाले. ती आता पलंगाच्या दुसऱ्या टोकाला झोपते, मध्ये उशी ठेवते. मला वाटलं होतं ती माझ्यावर चिडलीय, किंवा तिला स्वतःच्या शरीराची लाज वाटते. त्यावर मी बरंच काही समजूतदार बोलूनही टाकलं. हा धागा वाचल्यावर काल विचारलं, उशी कशाला? म्हणाली, तुझा हात झोपेत काखेवर पडतो.

पारिजातक

दुसरा_कप, लिहावं. आणि जागा बदला, तिच्या बऱ्या बाजूला झोपायला जा. आमच्याकडे एवढ्या एका गोष्टीला दोन वर्षं लागली.

गोगलगाय

८ वर्षं झाली. काख माझीही जळायची. आता थंडीत आणि दमल्यावरच आठवण काढते. पण मला वेगळं सांगायचंय. सगळं दुखणं एकाच पोत्यात भरू नका. माझी तीन होती आणि मी तिन्हींना 'ऑपरेशनचं दुखणं' म्हणत होते. काखेचं ते नसेचं. बोटांच्या टोकांच्या आणि तळपायाच्या मुंग्या त्या पॅक्लिटॅक्सेलच्या, म्हणजे केमोच्या औषधाच्या. आणि सकाळी उठल्यावर बोटं मिटत नव्हती, गुडघे जाम, ते लेट्रोझोल ह्या हॉर्मोनच्या गोळीचं. प्रत्येकाचा इलाज निराळा निघाला, आणि तिसऱ्याचा तर गोळी बदलून.

चौथ्या वर्षी बरगडीत नवीनच दुखायला लागलं. एकाच ठिकाणी, रात्री जास्त, दर आठवड्याला थोडं वाढतं. मी स्वतःलाच "होतं असं" म्हणत सहा आठवडे काढले. इतके दिवस डॉक्टरांवर चिडत होते आणि स्वतःशी तेच वागले! शेवटी स्कॅन झाला, साधं निघालं. पण ते सहा आठवडे काढायला नको होते. जुनं दुखणं ओळखीचं असतं. त्याची वेळ आणि जागा बदलली, किंवा नवीन आलं, वाढत गेलं, तर लाज न बाळगता जायचं.

नवी_पालवी

चार दिवस नुसती वाचतेय. माझं ऑपरेशन ११ दिवसांवर आहे. वय ३६. आता वाटतंय वाचायलाच नको होतं. आधीच काही करता येतं का, की नुसतं यादीवर टिक करत बसायचं? वय काही बदलता येत नाही.

शून्य_दशांश

फिनलंडमध्ये ८६० बायकांना ऑपरेशननंतर वर्षाने विचारलं होतं. साधारण तिघींत एकीला काहीच दुखत नव्हतं, निम्म्यांना हलकं, आणि तीव्र दुखणाऱ्या ३.७ टक्के. ह्या धाग्यावर आम्ही दुखणारेच जमलोय. न दुखणाऱ्या असले धागे उघडत नाहीत.

भूलवाला

नवी_पालवी, ११ दिवस पुष्कळ आहेत.

सर्जनना विचारा, काखेचं काय करणार आहात? तपासणीत काखेत काही लागत नसेल तर बहुतेक वेळा आधी सेंटिनल नोड, म्हणजे गाठीकडून येणारा स्राव पहिल्यांदा जिथे पोचतो त्या एक-दोन-तीन ग्रंथीच काढून तपासतात. त्या साफ निघाल्या तर काख तशीच ठेवता येते. एक-दोन ग्रंथींत आजार सापडला तरी, स्तन वाचवून नंतर शेक घेणाऱ्या बायकांमध्ये काख पूर्ण साफ केल्याने आयुष्य वाढत नाही, असं एका मोठ्या चाचणीत दिसलं. २०१७ साली तिचे १० वर्षांचे निकाल आले. तुम्ही त्या गटात बसता का, हे तुमचे रिपोर्ट बघणाराच सांगेल. आणि काख साफ करणं गरजेचंच असलं तर करून घ्या. नसेसाठी आजार मागे ठेवायचा नसतो. त्या इंटरकोस्टोब्रॅकियल नसेबद्दल मात्र विचारा, जमलं तर वाचवाल का. ह्या प्रश्नाने कुठलाही चांगला सर्जन रागावत नाही.

भूलतज्ज्ञाला तुम्ही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाच मिनिटं भेटाल. त्या पाच मिनिटांत तीन गोष्टी त्यांनी विचारल्या नाहीत तरी सांगा. आधीपासून कुठे दुखतं का (पाठ, डोकं, पाळीचं, काहीही), पूर्वीच्या ऑपरेशननंतर फार दुखलं होतं का, आणि झोप कशी आहे. मग छातीच्या बाजूचा ब्लॉक देणार का विचारा. पाठीच्या कण्याजवळ किंवा छातीच्या स्नायूंच्या थरांमध्ये सुई घालून भूल देतात. त्याने पहिली रात्र सुसह्य होते, नंतरचा उलटीचा त्रासही कमी असतो.

आमच्या लोकांची सवय माहितीय म्हणून सांगतो, ब्लॉकने दीर्घकालीन दुखणं टळेलच असं वचन कुणी दिलं तर मान हलवू नका. २०१९ साली दोन हजारांहून जास्त बायकांवरची चाचणी आली, कण्याजवळचा ब्लॉक विरुद्ध नेहमीची पूर्ण भूल. वर्षाने जखमेच्या जागी दुखणाऱ्या एका गटात २८ टक्के, दुसऱ्यात २७. ब्लॉक त्या रात्रीसाठी मागायचा. आणि ती रात्र तेवढ्यानेसुद्धा मोलाची आहे.

नंतर सोसू नका. नर्सने दुखण्याचा आकडा विचारला की खरा सांगा. आपल्या बायका आठला चार सांगतात आणि मग उशी चावतात (धागाकर्तीने माफ करावं).

सांजपाखरू

माफ केलं. मी तीन सांगितला होता.

सांजपाखरू (साडेसात आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. वेदनेच्या ओपीडीत जाऊन आले. तिथे अर्धा तास फक्त माझी काख! डॉक्टरांनी कापसाचा बोळा फिरवला, मग बोथट सुई, मग गार धातू. जळतं का, वीज जाते का, मुंग्या, खाज, बधिर का, असे दहा मुद्दे. चार किंवा जास्त गुण आले तर नसेचं धरतात म्हणे. मला आठ. ह्याही परीक्षेत उत्तम.

मी बॉलपेनचा फोटो दाखवला. त्यांनी तो माझ्या फाइलला लावला.

गोळ्यांचं लिहिते, कारण ते मला आधी माहीत नव्हतं. नसेच्या दुखण्यावर नैराश्याच्या गोळ्यांपैकी काही चालतात, कमी डोसमध्ये. "म्हणजे मी निराश आहे म्हणून?" असं मी विचारलंच (उंबरठा, तुझी आठवण आली). नाही, मज्जारज्जूतला तो आवर त्यांनी घट्ट होतो म्हणून. पण टॅमॉक्सिफेन चालू असेल तर सगळ्या चालत नाहीत. टॅमॉक्सिफेन यकृतात एका एन्झाइममुळे कामाच्या रूपात बदलतं, आणि पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन त्या एन्झाइमला चांगलंच अडवतात. ड्युलॉक्सेटिनही काही प्रमाणात अडवतं, व्हेन्लाफॅक्सिन फार कमी. त्यामुळे कुणाच्या सांगण्यावरून ह्यातली गोळी सुरू करू नका, आणि चालू असलेली एकदम बंदही करू नका. मला रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिलीय, अगदी कमी. तोंड कोरडं पडतं, सकाळी अर्धा तास डोकं जड. शिवाय फिजिओ, आठवड्यातून दोनदा.

फरक? रविवारी परत नकाशा काढला. तिरप्या रेघांचा भाग तेवढाच आहे, तो बहुधा तसाच राहील असं डॉक्टर म्हणाल्या. ठिपके थोडे कमी. ज्या जागेला पेनचं टोक सोसत नव्हतं तिची कड दोन बोटं आत सरकलीय. सणक अजून जाते, पण रात्री मी सलग पाच तास झोपते, ते बऱ्याच महिन्यांत झालं नव्हतं. कापड सध्या सुती चालू आहे. टॉवेल खुर्चीवर घडी करून ठेवलाय, त्याच्याकडे रोज बघते.

हातपाय_हलवा

दोन बोटं म्हणजे चांगलं आहे. टॉवेलची घाई नको.

उंबरठा

मीही वेळ घेतलीय. पुढच्या महिन्यात. पहिल्याच वाक्याला 'टेन्शन' शब्द आला तर उठून येणार आहे, आणि इथे येऊन लिहिणार आहे.

नवी_पालवी

डाव्या हाताने टाइप करतेय, चुका असतील. जखमेतलं पाणी काढणारी नळी निघाली. सेंटिनल तीन काढल्या, तिन्ही साफ, काख तशीच ठेवली. ब्लॉक मिळाला. भूलतज्ज्ञ बाईंना पाठदुखीचं सांगितलं तर त्यांनी पेन काढून लिहून घेतलं. पहिल्या रात्री नर्सने आकडा विचारला, तोंडावर तीन आलं होतं. सहा सांगितला. इंजेक्शन मिळालं आणि झोपले.

आज चार आहे. खरा चार.